कीड न लागणारा गहू

चिरंजीव बळीराम, तुले भिलाईहून तुह्या मोठ्या बहिणीचा आशीर्वाद.

इथं मरोद्याच्या वस्तीत आमी सारे बरे आहो. कारखान्यात नवी भट्टी बांधून राहिले, म्हणून लेकाच्या हाताले काम आहे.

तू पाठवलेला शेतकी साहेबाचा नवा गहू भेटला. त्याले कीड लागत नाही म्हणून लिवलं. किडा ज्याले तोंड लावत नाही, ते माणसानं कावून खावं? नातवंडाले देल्ला नाही. पयली पोळी मीच खाल्ली. तीन दिवस झाले, अजून जित्ती आहो.

तरी सारं वावर त्यानं पेरू नको, अर्धंच पेर. कोठीत राखेत ठेवलेलं आईचं बियाणं दळलं तं याद राख. साहेबाची बदली होते, कोठीची होत नाही.

भावजय पंचफुलाचा खोकला गेला का?

गयाबाई