साखर पेठेतले माझे अंगण

मी, निंगव्वा कोम महादेवप्पा हत्तुरे, वय अठ्ठावन्न, धंदा हातमाग, राहणार साखर पेठ, सोलापूर, डोके ठिकाणावर असताना, कोणी हात न धरता हे मृत्युपत्र लिहिते. अक्षरे मी सुताच्या गठ्ठ्यांना गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवरून शिकले. वाकडी असली तरी माझी आहेत.

१. घर व अंगण बापाने दिलेले दागिने मोडून माझ्या नावे घेतलेले आहे. ते माझे स्त्रीधन. मला मूलबाळ नाही. दीर वीरभद्रप्पा यांचा त्यावर हक्क नाही. त्यांना ते आमच्या जातीच्या सभेच्या बोर्डिंगसाठी हवे आहे, म्हणून नकाराचे कारण लिहिते.

मागावर चढवायच्या उभ्या सुताचा, खळ लावलेला ओला ताणा साठ हात लांब. गल्ली पुरत नाही, म्हणून तो माझ्या अंगणातून जातो. सुकायच्या आत ताणून धरायला चार माणसे लागतात. शेजारचा मौलाली मोमीन, समोरची तेलुगू विणकरीण नरसम्मा आणि आम्ही नवरा-बायको, तीस वर्षे एकमेकांचे ताणे धरत होतो.

१९३१ ला खानेसुमारी झाली. ज्या जातीची डोकी जास्त तिला कौन्सिलात जागा जास्त, असे ऐकून जातीजातीच्या सभा निघाल्या, दारोदार पाट्या लागल्या. आमच्या सभेने ठराव केला, की परक्याच्या ताण्याला हात लावू नये. वाचता येणारी बाई म्हणून मला पाटावर उभे केले आणि तो ठराव मी गल्लीला वाचून दाखवला. मला तेव्हा अभिमान वाटला. ही चूक माझी, ती मी कोणावर ढकलत नाही. आठ दिवसांत बाकीच्या सभांनीही तसेच ठराव केले.

त्याच महिन्यात आमचा ताणा ओला आणि धरायला आम्ही दोघेच. जातभाईंना हाक मारली, तर ते सभेला गेलेले. माझे मालक महादेवप्पा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते. मध्येच खाली बसले, ते उठले नाहीत. ठराव मोडून धावत आले ते मौलाली आणि नरसम्मा. सभेने मौलालीला खांदासुद्धा देऊ दिला नाही.

परवा वीरभद्रप्पा म्हणाले, "वैनी, बोर्डिंग होऊ द्या की. तुमचं नाव दगडावर कोरू."

मी म्हटले, "भावजी, दगड राहू द्या. त्या दिवशी दोन हात हवे होते."

२. घर व अंगण मौलाली व नरसम्मा यांना मिळून, वाटणी न करता. भिंत घालू नये. ताण्याचे खुंट आहेत तेथेच राहतील आणि गल्लीतल्या कोणाही विणकराला मोकळे राहतील.

३. माग व वर्तमानपत्रे दिरांची सून दाक्षायणी हिला. ती मागच्या दाराने वाचायला शिकायला येते. सासऱ्याने अडवले तर तिने त्यांना हे कलम वाचून दाखवावे.

४. माझ्या दारावर ठोकलेली सभेची पाटी मी काढून सरपणात ठेवली आहे. ती वीरभद्रप्पांना द्यावी. अजून जाळलेली नाही.

५. विधी जंगमांनी करावेत. खांदा मौलालीने द्यावा. सभेच्या लोकांनी शेजारी म्हणून यावे, सभा म्हणून नाही. त्या दिवशी गल्लीत कोणाचाही ताणा ओला असेल, तर सगळ्यांनी आधी तो धरावा. तसाच सुकला तर तो तुटेल. मी थांबेन.

सही: निंगव्वा हत्तुरे
सोलापूर, ता. १४ ऑक्टोबर १९३३

साक्षीदार (यांना यातले काही मिळत नाही, म्हणूनच बोलावले):
तिप्पण्णा बिराजदार, सूत रंगवणारे, सही
केराबाई कोम जोतीराम माने, डाव्या अंगठ्याची निशाणी