रिकाम्या बांधीतून उपटणे

लाखांदूर, रोवण्याचे दिवस

तीर्थरूप कृष्णरावमामा,

साष्टांग नमस्कार. (भाताची रोवणी करून कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगे पोचतील.) तुमचा गुडघा कसा आहे? जवाहरनगरात पाऊस आहे ना? तुम्ही मोबाइल उचलत नाही, म्हणून हे पत्र शेजारच्या विनोदच्या हाती.

सोमवारी माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, पुन्हा. मार्चमध्ये मी बुडाले हे फक्त तुम्हाला ठाऊक. आईला मी 'तारीख पुढे गेली' असे सांगितले आहे. परीक्षकांनी विचारले होते, क्वांटम फील्ड म्हणजे गणिती ऑपरेटर, म्हणजे एक क्रिया, हे ठीक, पण त्याचा भौतिक अर्थ काय? मी खडूने दोन काळे फळे गणिताने भरले आणि घाम पुसत उभी राहिले. आता चुकले तर तिसरी संधी नाही, मामा.

म्हणून बुधवारी, आईला समजावता आले तर परीक्षकांनाही येईल, या हिशेबाने चिखलणी झालेल्या, भाताच्या रिकाम्या बांधीत, 'एक काडी म्हणजे एक कण' असे तिला सांगत हातभर अंतराने काड्या रोवल्या. तोच शेजारच्या बांधीचे मालक, बाबांचे चुलतभाऊ यादोरावकाका, काठी घेऊन धावत आले. (काठी नेहमीचीच, पण त्या दिवशी फार जाड दिसली.) "काहून गाडल्या ह्या काड्या? मोजणी करून धुरा माह्या बांधीत सरकवून राहिली काय?" माझे पाय चिखलात रुतलेले. काकांनी सगळ्या काड्या उपटून फेकल्या.

आई शांतपणे म्हणाली, "भाऊजी, आता आणखी एक उपटा."

"रिकाम्या बांधीतून काय उपटू?"

"अन् आधी रोवून मंग उपटली असती त?"

"त बांधी होती तशीच राहिली असती," काका म्हणाले, आणि काठी खाली टेकवली.

मी चिखलातच बसले. फील्ड म्हणजे तिथे साठलेली वस्तू नव्हेच. जागोजागी करता येणारे रोवणे आणि उपटणे. हाती काय लागेल ते बांधी कशी आहे आणि आधी काय केले यावर. चार वर्षे मी नुसते पीक शोधत होते.

आपली भाची,
रुचिता

ता. क. खरे काम हे : आई सोमवारी सोबत येते म्हणते. काहीही सांगून तिला थांबवा. तिथे कोणी मार्चचा विषय काढला तर मी मेले.

आणखी ता. क. भाऊ, मी मालन. पाकीट चिकटवायले पोरीनं मलेच दिलं. मार्चचं मले तवाच समजलं होतं. नुसती तारीख पुढं गेलेली पोरगी चार महिने न बोलता भांडे घासत नाही. सोमवारी मी दाराबाहेर बसीन. मले माहीत हाय, हे तिले सांगू नको.