विमानातली बारकी चप्पल

मुंबई
२ ऑगस्ट १९९८

प्रिय कौसाक्का,

आधी दार लावून घे. तुझ्या सासूबाई, गोजरमावशी, घरात असतील तर पत्र गोठ्यात नेऊन वाच. घाबरू नको, बातमी वाईट न्हाई. उलट मला इतकं सांगायचंय की सकाळपासून तीन कागद फाडले. पाच दिवसांपूर्वी काकासाहेबांच्या पेढ्याच्या दुकानात फोन लावला तर ते म्हणले, कौसल्या चौदा तारखेला मस्कतला चालली नवऱ्याकडं, पण लेकीला सासूपाशी राजूरलाच ठेवणार, विमानात एवढं लेकरू टिकत न्हाई म्हणून. फोन ठेवला आणि तिथंच ठरवलं, अक्काला लिहायचं. बेबीनंदा विमानातून जाऊ शकते. बिलकुल जाऊ शकते! कसं न्यायचं ते मला आता बराबर माहीत आहे.

मी सध्या कुठं आहे ते सांगायचं राहिलंच. ट्रकवरची किन्नरकी, म्हणजे क्लीनरचं काम, सुटलं. मंग कुर्ल्याला भजी तळली, पंधरा दिवस एका सर्कशीत तंबूच्या खुंट्या ठोकल्या (त्यात एका उंटाची गंमत आहे, ती भेटल्यावर). आणि पाच महिन्यांपासून विमानं आतून साफ करून राह्यलो. विमान उतरलं, माणसं गेली, की आम्ही नऊ जण झाडू आणि पोती घेऊन आत. स्वतः अजून एकदाही उडालो न्हाई, पण सीटखाली वाकून वाकून आता मला कळतं, वर कोण बसलं होतं. लेकरू असलं की खाली बिस्किटाचा चुरा, खिडकीवर चिकट बोटं आणि एक बारकी चप्पल. दोन न्हाई, एकच. आठवड्याला तीन-चार तरी सापडतात. आमची मुकादम कांताबाई त्या खोक्यात जमा करते, पण एका चपलेसाठी कोण परत येतं?

म्हणून बेबीनंदाला चपला घालूच नको. पिशवीत ठेव आणि पायात लोकरीचे मोजे घाल. आत पौषातल्या पहाटेसारखा गारठा असतो. झोळीशिवाय ती झोपत न्हाई हे मला माहीत आहे, आणि विमानात झोळी बांधायला आढं न्हाई. पण झोळीचं ते जुनं लुगडं असतंच की. त्यातलं अर्धं फाडून सोबत घे. धुऊ मात्र नको. घरचा वास आला की लेकरू जल्दी डोळे मिटतं. आणि झोपावी म्हणून मावशी घुटीत काय काय उगाळतात, तसलं काही देऊ नको.

आता कानाचं. विमान वर चढताना आणि खाली उतरताना कानात दडे बसतात, मोठ्यांच्याही. त्यावर उपाय आपल्याच फडताळात आहे, तो म्हणजे बोंडलं. तिला ज्यानं दूध पाजायचीस तेच. विमान पळायला लागलं की बोंडल्यानं घोट घोट पाणी पाज. आधी नको, न्हाई तर वर जायच्या आतच पोट भरेल. उतरताना झोपली असेल तर उठव आणि पुन्हा पाज. गिळलं की कान मोकळे होतात. आणि रडली तर रडू दे, रडण्यानंही दडे सुटतात, हे कांताबाईनं एका हवाई सुंदरीला विचारून सांगितलं. आजूबाजूचे लोक वळून बघतील, बघू दे. तुझं तिकीट काही फुकटचं न्हाई.

दोन वर्षांच्या आतलं लेकरू आईच्या मांडीवरच बसतं. तिची सवय आत्ताच लाव. रोज दुपारी भिंतीला टेकून बस, बेबीनंदाला मांडीवर घे आणि दोघींच्या कमरेला उपरणं बांध. पहिल्या दिवशी ती बोंब मारेल. चौथ्या दिवशी स्वतःच उपरणं घेऊन येईल. मी इथं शेजारच्या पोरीवर करून पाहिलं, ती तिसऱ्याच दिवशी आली! खेळणी सगळी एकदम काढू नको. एक घुंगरू, एक चमचा, एक रिकामी काडीपेटी, असं एकेक काढ. पहिल्याचा कंटाळा आला की दुसरं. फ्रॉक दोन जास्तीचे घे. आणि तुझ्यासाठी एक पोलकं वरच्याच पिशवीत ठेव. ती ओकली तर तुझ्याच अंगावर ओकणार, हे कुणी सांगत न्हाई. विमानात चढायच्या आधी तिला विमानतळावर मनसोक्त पळू दे. तिथली फरशी इतकी गुळगुळीत आहे की मलाच घसरगुंडी खेळावी वाटते. एकदा खेळलोही, कांताबाईनं झाडू फेकून मारला.

आता मावशींना बोलाव. आधी दार लाव म्हणलं, आता उघड. एवढं त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. मावशी, माघी चतुर्थीला मी राजूरला आल्तो, तेव्हा पेढ्याच्या दुकानात उभा राहून म्हणलो होतो, विमान वर गेलं की बारक्या लेकरांच्या कानातून रक्त येतं, मी डोळ्यानं पाह्यलं. ती निव्वळ थाप होती. तेव्हा मी विमान फक्त खालून, मान वर करून पाहिलं होतं. दहा माणसं तोंड उघडं टाकून ऐकत होती, मला चेव आला. तुम्ही तिथंच बेबीनंदाला कडेवर घेऊन उभ्या होत्या, आणि तुम्ही पदरानं तिचे दोन्ही कान झाकले. ते मला दिसलं. मला तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं की खोटं बोललो. म्हणलो न्हाई. तुम्ही नेहमी म्हणता ना, मच्छिंद्राच्या पायालाही भिंगरी आणि जिभेलाही. तर मंग या वेळी स्वतःचंच ऐका आणि माझी ती थाप सोडून द्या.

अक्का, पुढचं फक्त तुझ्यासाठी. काकासाहेब म्हणले, तू सहा महिन्यांनी येऊन तिला नेणार. आपल्या बापूंना पुण्याला काम लागलं, तेव्हा मीही तिच्यासारखाच दोन वर्षांचा व्हायचा होतो. मी एसटीत ओकतो म्हणून मला कुंभार पिंपळगावला सगुणाआत्याकडं ठेवलं, दोन महिन्यांसाठी. त्याची तीन वर्षं झाली. कुणाचं वाईट मन नव्हतं, आत्यानं तर जीव लावला. पण तुम्ही न्यायला आलात तेव्हा मी आईला काकू म्हणलो, आणि ती विहिरीकडं तोंड करून बसली. तू आठ वर्षांची, पळत आलीस आणि माझ्या हातात माझीच एक चप्पल ठेवलीस. जाताना चुकून तुमच्या गठुड्यात गेलेली. तीन वर्षं जपलीस. माझ्या पायाला ती अंगठ्यापुरतीही बसली न्हाई. लोक विचारतात, हा पोरगा एका जागी का टिकत न्हाई? मी हसून पुढच्या कामाला लागतो. पण ती चप्पल माझ्या पिशवीत आहे, ट्रकवर होती, सर्कशीत होती. व्हिसा दोघींचा आहे, तिचं नाव तुझ्या पासपोर्टात लिहिलेलं आहे. चौदाला मी सकाळपासून विमानतळाच्या दाराशी ट्रॉली घेऊन उभा राहीन. तुझी सीट कुठली ते माहीत न्हाई, म्हणून आदल्या पाळीत सगळ्याच खिडक्या पुसून ठेवणार आहे. बेबीनंदाच्या दोन्ही चपला आण, अक्का. आणि त्यात मावणारे पायही.

वाट बघत उभा असलेला,
तुझाच
मच्छिंद्र