वाऱ्याने काटा हलतो

४ फेब्रुवारी

आदरणीय सर,

नमस्कार. तुमचा गुडघा या थंडीत फार कुरकुरत नसेल आणि काकूंचा खोकला कमी झाला असेल, अशी आशा करते. इकडे सगळं ठीक आहे. आईची साखर ताब्यात आहे, जीभ अजून नाही.

तुमचं पत्र मिळालं. चौकशी संपेपर्यंत फोन नको, मेसेज नको, म्हणून हाताने पत्र लिहिलंत. अक्षर अजून तसंच आहे, दाबून लिहिलेलं, मागच्या बाजूने बोट फिरवलं तर लागतं.

तुम्ही लिहिता की शिंप्याच्या मुलीने राईचा पर्वत केला. स्पर्धेआधीचं वजन करायला तुम्ही तिला नेहमीसारखं वजनाच्या खोलीत नेलंत आणि दार लावलंत. ती काट्यावर चढेना. ‘मुंगीताईंनी दार उघडं ठेवायला सांगितलंय,’ असं ओरडत ती कडी काढून बाहेर हॉलमध्ये आली. बेशिस्त केली म्हणून तुम्ही तिला संघातून काढलंत, तर तिचा बाप थेट महासंघाकडे तक्रार घेऊन गेला. आता समिती नेमली आहे, आणि समितीला शिंप्याची मुलगी खरी वाटली तर तुमची इतक्या वर्षांची अब्रू धुळीला मिळेल. म्हणून तुमच्या बाजूने बोलणारं जुनं माणूस हवं.

तुम्हाला माझी आठवण झाली याचं मला नवल वाटलं नाही. मी तुमच्याच हाताखाली वेटलिफ्टिंग शिकले. मुंगी हे नावही तुम्हीच ठेवलंत, सगळ्यांत हलकी असून सगळ्यांपेक्षा जास्त ओझं उचलायची म्हणून. मी पंच झाले तेव्हा तुम्ही पेढे वाटल्यासारखी ती बातमी गावभर वाटलीत. क्लबाच्या चिटणीसपदासाठी माझं नावही तुम्हीच सुचवलंत. ‘मुंगी कधी उलट बोलायची नाही,’ असं भर सभेत म्हणालात. सगळे हसले. मीही हसले.

मग मी एकेक नियम आणत गेले. वजन करताना दार उघडं आणि सोबत एक बाई हवीच. एकट्या मुलीला गाडीतून घरी सोडायचं नाही. मुलींना खाजगी मेसेज करायचे नाहीत. बाहेरगावच्या शिबिरात प्रशिक्षकाने मुलांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. दर वेळी तुम्ही नाक मुरडलंत आणि दर वेळी सही केलीत. ‘नवं खूळ आहे, निघेल डोक्यातून,’ असं तुम्ही चहावाल्याला सांगितलंत, ते माझ्या कानावर आलं होतं. नियम कागदावरच राहणार, असंच तुम्हाला वाटत होतं. मी ते दर शनिवारी पोरींकडून मोठ्याने म्हणून घेत होते, हे तुम्ही फारसं मनावर घेतलं नाहीत.

असो. तुम्ही विचारता, समितीसमोर येशील का? येईन. दार वाऱ्यासाठी लावायचं, वाऱ्याने काटा हलतो आणि वजन चुकतं, असं तुम्ही आम्हालाही पहिल्यापासून सांगत होतात, हे सांगशील का? हो, सांगेन. अगदी तुमच्या शब्दांत सांगेन.

जुना वजनकाटा अजून उत्तम चालतो. कालच त्याचं तेलपाणी करून घेतलं.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची आज्ञाधारक,
मुंगी

*

१९ फेब्रुवारी

सर,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, तो राहू दे. काकूंच्या खोकल्याची चौकशी मात्र मनापासून करते. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

चौकशीनंतर तुम्ही मला जिन्यात गाठलंत आणि म्हणालात, ‘मुंगे, असं का केलंस गं?’ मी तशीच जिना उतरून गेले.  मला उत्तर जिन्यात घाईघाईने द्यायचं नव्हतं. सावकाश, बसून, चवीने द्यायचं होतं.

आधी त्या दिवसाचं बोलू. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. समितीच्या प्रमुख न्यायाधीशबाईंनी विचारलं, नियम असताना दार का लावलंत? तुम्ही लहान पोरांना समजवावं तसे हसलात. ‘बाईसाहेब, हे तांत्रिक आहे. वाऱ्याने काटा हलतो. शंभर ग्रॅमने मुलगी स्पर्धेबाहेर जाते. हवं तर मुंगीला विचारा, ती याच काट्यावर उभी राहून मोठी झालीय.’ बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, ‘हो. मलाही सर हेच सांगायचे.’ तुम्ही खुर्चीत मागे रेलून पायावर पाय टाकलात. ते मी बघून ठेवलं. तसे आरामात बसलेले तुम्ही मला हवेच होतात.

मग मी विचारलं, ‘आपण करून बघायचं का?’

काटा मी चाकाच्या पाटावर ठेवून सकाळीच आणवला होता. त्यावर वीस किलोच्या दोन निळ्या प्लेटा ठेवल्या. काटा चाळीसवर थांबला. हॉलची दोन्ही दारं उघडली, खिडक्या उघडल्या आणि तो मोठा उभा पंखा काट्यासमोर आणून पूर्ण वेगात लावला. न्यायाधीशबाईंचे कागद उडाले. समितीतल्या डॉक्टरांनी डोक्यावरचे होते तेवढे केस हाताने दाबून धरले. शिंप्याची मुलगी बापाच्या मागून मान वर काढून बघत होती.

काटा चाळीसवरच होता.

बाई उठून जवळ आल्या, चष्मा वर करून वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग पंखा बंद करायला सांगून म्हणाल्या, ‘मग दार कशासाठी लावत होतात?’ तुम्ही म्हणालात, ‘शिस्त.’ आधी वारा, मग शिस्त. 

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. खूप बरं वाटलं. सूड घेऊन समाधान मिळत नाही असं लोक सांगतात, त्यांनी तो नीट घेतला नसावा. मी घरी गेले आणि पोटभर जेवले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

मी शिंप्याच्या मुलीएवढीच होते. खिडकी नसलेली खोली, एक पिवळा बल्ब, दाराला आतून कडी. काट्याचं लोखंड पायाला गार लागायचं. ‘इकडे तिकडे बघू नकोस. काटा बघ. हललीस तर वजन चुकेल.’ मी काटा बघायचे. वजन चुकू नये म्हणून मी हलत नसे. पुढचं मी त्या दिवशी समितीला सांगितलं, नंतर पोलिसांना सांगितलं, आणि न्यायालयातही सांगेन. इथे लिहिणार नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि ते पुन्हा तुमच्या हातात द्यायची माझी इच्छा नाही.

तुमच्या बाजूने आलेल्या गृहस्थांनी विचारलं, तेव्हाच का बोलली नाहीस? मी म्हटलं, ‘मी लहान होते, हे मोठे होते. हा प्रश्न त्यांना विचारा.’ मला त्या दिवसांची लाज वाटत नाही. लाज तुमची आहे, ती तुम्हीच सांभाळा.

पंच झाल्यावर मी गावोगावी हजारो वजनं घेतली. एका स्पर्धेत मैदानावर तंबू होता आणि असा वारा सुटला की तंबूचे दोर चार जण धरून उभे होते. मी काट्याकडे बघत होते. तो हलेना. मुली एकामागून एक चढत होत्या, उतरत होत्या, वजनं बरोबर येत होती. माझी सहकारी विचारायला लागली, तुला काय झालं, अशी पांढरीफटक का पडलीस?  तोवर कुठेतरी मला वाटत होतं की बाकी काही असो, दाराचं कारण तरी खरं असेल. त्या दिवशी कळलं की तेही तुम्ही रचून ठेवलेलं होतं. घरी येताना ठरवलं, क्लबात परत जायचं. तुम्ही माझं नाव सुचवावं म्हणून मी किती गोड वागले, ते आठवून बघा. तुमच्या गुडघ्यासाठी तेल आणून देत होते. ती माया नव्हती, सर.

मागच्या रांगेत बसलेल्या दोघींना तुम्ही ओळखलं नाहीत. एक बेकरी चालवते, एक बँकेत आहे. दोघी तुमच्याच हाताखालच्या. मी त्यांच्याकडे गेले आणि एवढंच विचारलं, ‘वजनाच्या खोलीचं दार का लावायचे गं?’ दोघींनी तुमचंच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. बेकरीवाली पीठ मळत होती, तिचे हात थांबले. म्हणाली, ‘मला वाटलं, मला एकटीलाच.’ तुम्ही प्रत्येकीला तेच वाक्य दिलंत, दुसरं शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. त्यानेच आम्ही एकमेकींना सापडलो.

आईला मी आदल्या दिवशी सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, निवडलेलं आणि न निवडलेलं एकत्र केलं, आणि म्हणाली, ‘मी त्या मेल्याला डबा पाठवत होते.’ पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली. मग तुमच्या सत्काराचा फोटो भिंतीवरून काढला आणि मला म्हणाली, ‘उद्या मी येते तुझ्याबरोबर. मला पहिल्या रांगेत जागा धर.’ तुमच्याकडे टक लावून बसलेली ती म्हातारी माझी आई होती.

समितीने तुम्हाला निलंबित केलं आणि शिंप्याच्या मुलीला संघात परत घेतलं, हे तुम्हाला कळलंच आहे. क्लबाच्या किल्ल्या उद्या पाठवून द्या. वजनाच्या खोलीची दुसरी किल्ली तुमच्याकडे असते, तीसुद्धा.

मुंगी

*

२७ एप्रिल

सर,

काकू परवा येऊन गेल्या. तुमचा निरोप त्यांनी शब्दाशब्दाने सांगितला. झालं गेलं विसरून जा, तक्रार मागे घे, मी हे गाव सोडतो, लांब कुठेतरी चार लहान मुलांचा छोटासा वर्ग काढून उरलेले दिवस काढतो.

निरोप संपल्यावर काकू म्हणाल्या, ‘सांगितलं. माझं काम झालं. आता माझं ऐक. मागे घेऊ नकोस.’ मी म्हटलं, काकू, हे सरांना कळलं तर? त्या म्हणाल्या, ‘कळू दे. तूच लिही. मी सामान बहिणीकडे हलवलंय.’ म्हणून लिहिते आहे.

आता माझं उत्तर. चार लहान मुलांचा वर्ग! हे सांगून पाठवताना तुमची जीभ चाचरली कशी नाही? महासंघाने तुमच्यावर कायमची बंदी घातली आहे, आणि तो हुकूम मी टपालाच्या भरवशावर सोडलेला नाही. एकेका क्लबात, तालमीत आणि शाळेत मी स्वतः फोन करते आहे. तुम्ही कुठल्याही गावी गेलात तरी माझा फोन तुमच्या आधी पोचलेला असेल. तुम्ही मैदानाच्या कुंपणाला नुसते टेकून उभे राहिलात तरी कुणीतरी येऊन विचारेल, काका, कुणाचं मूल आणायला आलात? मी तुमच्यामागे हात धुवून लागले आहे, आणि मला दमायची सवय नाही. ती तुम्हीच मोडलीत.

पोलिसांची परवानगी मिळाल्यावर वजनाची खोली आम्ही पाडली. गवंड्याकडून घण घेऊन पहिला घाव मी घातला, दुसरा बेकरीवालीने. बँकवालीने ऑफिसची साडी खोचून तिसरा घातला. शिंप्याची मुलगी म्हणाली, ‘मला पण.’ तिच्या घावाने विटेचा कपचा उडून तिच्याच नडगीला लागला, तरी हसत होती. आतली कडी मी पिशवीत घालून पोलिसांना दिली. दार फेकलं नाही. ते आडवं करून खाली विटा लावल्या, पोरी त्यावर बॅगा ठेवतात.

काटा आता हॉलमध्ये मोठ्या खिडकीशी असतो. वजन दोन बायका मिळून घेतात, मुली सरावाच्या कपड्यांत असतात, ज्यांना हवी त्यांची आई शेजारी उभी असते. नव्या मुलीला बार उचलायला शिकवण्याआधी आम्ही एक गोष्ट शिकवतो. मोठं माणूस दार लावायला लागलं तर कारण विचारायचं नाही, ओरडत बाहेर यायचं. चूक झाली तर झाली, माफी आम्ही मागू. पोरी याचा सराव करतात तेव्हा सगळा हॉल दणाणतो, शेजारचे लोक तक्रार करतात. करू देत.

रविवारी स्पर्धा होती. सकाळपासून वारा होता, खिडकीचे पडदे छताला लागत होते. शिंप्याच्या मुलीचा नंबर आला. ती काट्यावर चढली आणि काट्याकडे बघितलंच नाही. खिडकीबाहेर बापाकडे बघून हात हलवत राहिली. मी ओरडले, अगं हलू नकोस! आणि लगेच माझाच आवाज मला नकोसा झाला. म्हटलं, हल. काय हलायचं ते हल. तिचं वजन बरोबर भरलं. पदक मिळालं नाही, चौथी आली. मला रडू आवरेना, आणि ती मलाच समजावत होती की पुढच्या वेळी आणीन.

न्यायालयाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी, त्या दोघी आणि आई, सगळ्या येऊ. काकूही येणार म्हणाल्या. तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असाल तेव्हा आमच्याकडे बघायची गरज नाही. आम्ही बघू.

मुंगी हे नाव तुम्हाला परत करायचं माझ्या मनात होतं. पण या पोरी मला दिवसभर त्याच नावाने हाका मारतात, आणि त्यांच्या तोंडून ते तुमचं राहिलेलं नाही. तेव्हा ते मी ठेवून घेते आहे.

मुंगीताई