एकट्यानं पाहिलेलं शहर

सोमवार, ३ ऑक्टोबर. सकाळी.

काल पोचलो. मुंगळ्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खाली पावाचं दुकान. मुंगळा म्हणजे माझा हॉस्टेलचा रूममेट. एकदा चिकटला की सुटत नाही म्हणून तेव्हा हे नाव पडलं, ते परदेशात येऊनही सुटलेलं नाही. एकटाच राहतो. विम्याच्या ऑफिसात नोकरी, दिवसभर खुर्चीत.

रात्री जेवताना माझा संकल्प त्याला सांगितला. नकाशा नाही, गाइड नाही, फोन बंद. रोज एकच भाग, पायी, सावकाश. बसमधून माना वळवत शहर उरकणारे पर्यटक वेगळे आणि मी वेगळा. शहर एकट्या माणसाशीच बोलतं, असंही म्हणालो. (वाक्य आत्ता लिहितानाही आवडलं.) मुंगळा मध्येच काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, पण मी रंगात आलो होतो. माझं संपलं तोवर त्याचं ताट गार झालं होतं.

ही पंधरा तारखेला येणार. तिची रजा उशिरा मंजूर झाली. तिला स्टेशनवर घ्यायला मी एकटा जाणार आणि मग तिला अख्खं शहर फिरवणार, असं निघताना चारचौघांत बोललो आहे. त्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली. लग्न झाल्यापासून मी या "बरं"ला घाबरत आलोय. या वेळी ते खोटं पाडायचंच. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, तो काय उगीच?

त्याच दिवशी, संध्याकाळी.

ढगाळ. सूर्य नसल्यामुळे पूर्व अनिश्चित. पावाच्या दुकानापासून नाकासमोर चालत गेलो. बऱ्याच वेळानं पुन्हा तेच पावाचं दुकान लागलं. म्हणजे रस्ता गोल आहे. शहराच्या रचनेबद्दल ही माझी पहिली नोंद.

बुधवार, ५ ऑक्टोबर.

अजून ढगाळ. नदीपलीकडचा भाग घेतला. नदी दोनदा ओलांडली, तरी पलीकडेच राहिलो. कदाचित दोन नद्या असतील. शेवटी एका पुलावर विचार करत उभा होतो. (चुकलो नव्हतो.) तेवढ्यात एक ट्रॅफिक पोलीस सरळ माझ्याकडे आला आणि मी काही विचारायच्या आत हातवारे करून आमच्या गल्लीचा रस्ता दाखवून गेला. गल्लीचं नावसुद्धा त्यानंच घेतलं. इथल्या लोकांना माणसाची पारख आहे.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर.

आज छत्रीवाल्या एका आजीबाईंनी थेट ट्रॅमच्या थांब्यापर्यंत आणून सोडलं. काल एका टपालवाल्यानं. शहर मला ओळखू लागलंय, एवढाच याचा अर्थ.

मुंगळ्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. माझ्यानंतर निघतो, माझ्या मागोमाग परत येतो, आल्या आल्या गरम पाण्याच्या बादलीत पाय टाकून बसतो. खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे पाय सुजतातच कसे? व्यायाम नाही, दुसरं काय. त्याला म्हटलं, माझ्यासारखा जरा चालत जा. तो "हो" म्हणाला आणि पाण्यात आणखी मीठ घातलं.

मित्राकडे उतरलोय खरा, पण मित्राला माझ्यासाठी तासभर वेळ नाही. मनाला लागतं. इतक्या वर्षांनी भेटलो, तर एक दिवस रजा टाकायला काय हरकत होती? बोललो नाही. आपण पाहुणे.

रविवार, ९ ऑक्टोबर.

मुंगळ्याला सुट्टी. चाचरत विचारत होता, आज बरोबर येऊ का म्हणून. मी संकल्पाची आठवण करून दिली. शिवाय त्याच्या चालण्याच्या वेगानं माझा दिवस वाया गेला असता. मग झोपतो म्हणाला.

आज बागेचा भाग. पाहण्यासारखं खूप असावं, पण मी बाहेर पडायची वाट शोधत असल्यामुळे तिकडे लक्ष कमी गेलं. एक निरीक्षण : या शहरात हिरव्या लोकरी टोप्यांची फॅशन आहे. मुंगळ्याकडे आहे तशीच टोपी पुलावर दिसली, बाजारात दिसली, आज झाडामागे दिसली. घालणारे सगळे लंगडत चालतात. हवामानाचा परिणाम असावा.

मंगळवार, ११ ऑक्टोबर.

हिचा फोन. रस्ते पाठ झाले का, असं विचारत होती. मी म्हटलं, तळहातासारखे. मग तिनं फोन मुंगळ्याला द्यायला सांगितला. तो आतल्या खोलीत दार लावून बराच वेळ बोलला. माझ्याशी चार वाक्यं आणि त्याच्याशी एवढं काय? नंतर विचारलं तर म्हणाला, हवेबद्दल बोलत होतो.

आज लवकर परतलो. पुलाच्या अलीकडेच. बूट चावतो.

गुरुवार, १३ ऑक्टोबर.

स्टेशनपर्यंत जाऊन यायची रंगीत तालीम आज करणार होतो. केली नाही. कारणं : एक, बूट. दोन, तालीम केली तर उत्स्फूर्तता जाते. तीन, मुंगळ्याला आज जिने चढवत नव्हते, मध्ये दोनदा बसला. त्याला पुन्हा व्यायामाबद्दल सांगितलं. या वेळी त्यानं "हो"सुद्धा म्हटलं नाही.

शनिवार, १५ ऑक्टोबर. सकाळी.

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. हिची गाडी चारला. मुंगळा म्हणाला, नऊ नंबरची ट्रॅम, पण समोरच्या बाजूनं. मी म्हटलं, बाबा रे, मला शिकवू नकोस. तो ऑफिसला जातो म्हणून बूट घालत बसला. पाय आत जाईना. मी निघालो.

त्याच दिवशी, रात्री.

जमेल तसं लिहितो.

थांबा सापडेपर्यंत दुपार झाली. मग नऊ नंबरच्याच ट्रॅममध्ये बसलो. समोरच्या बाजूनंच. फक्त समोर म्हणजे कुठून समोर, हे विचारायचं राहिलं. लोक उतरत गेले, इमारती ठेंगण्या होत गेल्या आणि शेवटी ट्रॅम एका मोठ्या शेडमध्ये शिरून थांबली. आजूबाजूला नुसत्या रिकाम्या ट्रॅम. ड्रायव्हर पिशवी उचलून निघून गेला. घड्याळात चार वाजून गेलेले. आकाशात सूर्य नाही.

तिथे फुटपाथवर बसलो. ही परक्या मुलखात, भाषा येत नाही, दोन जड बॅगा, आणि डोळे माझ्या वाटेकडे. मी तिला आयुष्यात एकदाच म्हटलं होतं, तू नुसती उतर, पुढचं माझ्यावर सोड. खरं लिहितो, रडू आलं.

तेवढ्यात शेवटच्या डब्यातून एक हिरवी टोपी उतरली. दांड्याला धरून, आधी एक पाय, मग दुसरा. एका पायात बूट, दुसऱ्यात घरातली सपात. मुंगळा लंगडत आला आणि शेजारी बसला.

"ऑफिस?" मी विचारलं.

"रजा टाकली आहे."

"कधीपासून?"

"तू आलास तेव्हापासून. तुला शहर दाखवायला टाकली होती. तू म्हणालास एकट्यानं बघायचंय. म्हटलं बघ, मी आपला मागे राहतो."

पोलीस, छत्रीवाल्या आजीबाई, टपालवाला, सगळे डोळ्यांसमोरून एकेक करून गेले. मुंगळ्यानं प्रत्येकाला दुरून माझ्याकडे बोट दाखवलं असणार. मी मारे व्यायामाचे धडे देत होतो, आणि तो बिचारा मीठ वाढवत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सांगितलं का नाहीस?"

"तू इतका खुशीत होतास," तो म्हणाला. "चल, वहिनी खोळंबल्या असतील."

वहिनी खोळंबल्या नव्हत्या. स्टेशनवर शोधून दमलो, मग घरी आलो, तर ही पावाच्या दुकानात स्टुलावर बसून दुकानवालीशी गप्पा मारत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यानं काही अडलेलं दिसलं नाही. स्टेशनवर जरा वाट पाहिली आणि पत्ता दाखवत दाखवत आले, म्हणाली. तिनं आधी मुंगळ्याच्या पायांकडे पाहिलं.

"भाऊजी, फारच सुजलेत हो. मी नुसतं लक्ष ठेवा म्हटलं होतं." मग माझ्याकडे वळली. "कसं आहे शहर?"

"बरं," मी म्हणालो.

रविवार, १६ ऑक्टोबर. दुपारी.

डॉक्टरांनी मुंगळ्याला पलंगावरून उतरू नका असं बजावलंय. माझ्यापायी होती नव्हती ती रजा संपली, आता ही आजारपणाची. सकाळी त्याच्या पायाशी बसून बादलीत पाणी ओतत होतो, तेव्हा त्याला सांगितलं की तुझ्यावर मी मनातल्या मनात रागावलो होतो. तो म्हणाला, माहीत आहे, पुलावर उभा राहून मोठ्यानं बोलत होतास.

मलम आणायचं होतं. औषधाचं दुकान दोन गल्ल्या सोडून. मी जातो म्हटलं, एकटा. मुंगळ्यानं हिच्याकडे पाहिलं, ही "बरं" म्हणाली.

दुसऱ्या कोपऱ्यावर अडखळलो. सवयीनं मागे वळून पाहिलं. हिरवी टोपी नव्हती. थोड्या अंतरावर ही उभी होती, हातात रिकामी पिशवी, एका बंद दुकानाच्या काचेत ठेवलेल्या तान्ह्या मुलांच्या बुटांकडे फार लक्ष देऊन बघत. आमच्या घरात त्या मापाचा पाय आता कोणाचाच नाही.

मी पाहिलंच नाही असं दाखवलं. दुकान डावीकडे की उजवीकडे, आठवेना. डावीकडे वळलो. अगदी सावकाश चाललो. हिचे गुडघे दुखतात.