एक तास आधी, एक तास नंतर

हैदराबाद,
दि. २४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाबा व आईस,
स. जयभीम. वि. वि.

मी इकडे मजेत आहे, जेवण वेळेवर आहे, आणि वजन घटलेलं नाही, हे आईला आधी सांगा. बाबा, तीस वर्षं विजेच्या उपकेंद्रातल्या त्या गुणगुणीनं तुमचे कान गेले, आणि आई फोनवर निम्मा वेळ रडते. म्हणून आपला हा कागदच बरा. व्हॉट्सॲपचं नाव काढलं की तुम्ही चष्मा शोधत बसता.

नऊ जानेवारीची तिकिटं झाली हे ऐकून लय आनंद झाला. आई बोधगयेला जाणार, तेही विमानानं! पण मी विमान चालवत नाही, एवढं तिला एकदा पटवून द्या. गल्लीत ती काय सांगते ते माझ्या कानावर आलं आहे. मी जमिनीवरच्या खोलीत बसते. विमान सुटण्याआधी हवेचे अंदाज वाचायचे, वाट ठरवायची, इंधन किती घ्यायचं ते काढायचं आणि त्या कागदावर सही करायची. वैमानिकाची सही आणि माझी सही, दोन्ही असल्याशिवाय विमान हलत नाही.

आईनं विचारलं होतं की उतरायच्या गावी धुकं पडलं तर काय. त्याचा नियम आहे. विमान पोचण्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत तिथली हवा कशी राहील ते बघायचं. भरवसा नसेल तर दुसरा विमानतळ कागदावर लिहायचा, कधी दोन लिहायचे. याला पर्यायी विमानतळ म्हणतात. तिथंवर जाऊन वर थोडं उरेल एवढं इंधन आधीच भरायचं. तुम्ही उतरणार त्या गयेसाठी आम्ही बहुतेक बनारस लिहितो. म्हणजे धुकं पडलंच, तर आईला सारनाथ फुकटात बघायला मिळेल!

स्वेटर दोन-दोन घ्या. तिकडची थंडी आपल्यासारखी नाही. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
सुकेशनी


वालूर,
दि. ३ डिसेंबर २०२५

चि. सुकेशनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र परवा मिळालं. इकडं सगळे खुशाल. तुरीला शेंगा बऱ्या लागल्यात. तुझ्या आईचा गुडघा बोलायलाय, पण बोधगयेचं नाव काढलं की गप बसतोय.

आदी दोघंच जाणार होतो, आता अकरा झालोत. धम्मशीला मावशी, अंगणवाडीवाली, ती तर विमानाला लय भेत होती. तुझ्या आईनं तिला सांगितलं की विमान आपल्या सुकेशनीच्या हातात हाय, डोळे झाकून बस. लगेच तयार झाली. तिचं बघून आणखी आठ जणांनी नावं दिली. परभणीहून रेल्वेनं हैदराबादला येऊ, तिथून विमान. विहारात आता रोज त्याचीच चर्चा चालू हाय, आन् मी उगंच छाती फुगवून बसायलोय.

पण बाई, एक शंका हाय. शाळेतून नकाशा आणून बघितला. गया आन् बनारस, दोन्ही गंगेच्या त्या एकाच मैदानात दिसायलेत. आमच्या उपकेंद्राला दोन फीडर होते, वीज आणणाऱ्या दोन लाइनी. एक गेला तर दुसरा, असं साहेब लोक कागदावर दाखवायचे. पण दोन्हीच्या तारा एकाच खांबावरून आलेल्या. वादळात खांब पडला की दोन्ही एकदाच गेले. तिकडचं धुकं काय गयेपुरतं पडून बनारसला सोडून देतंय का? मी आपला दहावी शिकलेला ऑपरेटर. चुकत असंन तर हास, पण उत्तर दे.

ता. क. आई म्हणायलीय की खिडकीजवळची जागा दे. आन् भेव वाटलं तर बदलून पण दे.

जीवाला जप, आमच्यावरचा जीव कमी करू नको.

तुझे,
बाबा


हैदराबाद,
दि. १९ डिसेंबर २०२५

आदरणीय बाबांस,
स. जयभीम. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका. तिला सांगा, कामाचं आहे.

तुमच्या शंकेला मी हसले नाही. तुमचं पत्र हातात पडलं ते अकरा तारखेला, आणि चौदा तारखेला तुमचा तो खांब पडला.

त्या दिवशी सकाळच्या गयेच्या विमानाचा कागद माझ्याकडे होता. गयेला धुकं, पर्याय बनारस, तिथली हवा साफ राहील असा अंदाज. कागद तयार झाला. सही करायच्या दहा मिनिटं आधी नवा अंदाज आला. त्यात बनारसचं धुकं दोन तास अलीकडे सरकलेलं होतं, नेमकं आमच्या वेळेवर. मी तो वाचला. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. जुन्या अंदाजावर कागद झालाय ना, मग तोच पाठव म्हणाले. लांबचा विमानतळ लिहिला की इंधन वाढतं. गयेची धावपट्टी आखूड, जास्त वजन घेऊन उतरता येत नाही. मग माणसं खाली उतरवावी लागतात आणि बोंबाबोंब होते. उशिरा सोडायचं तर तेच विमान पुढं दुसरीकडं जायचं असतं. मी दोनदा हो-नाही केलं. मग सही केली.

गया बंद होतं. बनारसही बंद. वीस मिनिटं विमान वर घिरट्या घालत राहिलं आणि मी पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडे बघत बसले. कलकत्त्यापर्यंत जायला इंधन उरलं नव्हतं. मग बनारसचं धुकं थोडा वेळ फाटलं आणि त्या फटीतून वैमानिकानं विमान खाली घेतलं. एकशे बासष्ट माणसं. त्यांनी आपापल्या बॅगा घेतल्या, उशीर झाला म्हणून कुरकुर केली आणि निघून गेली. कुणाला काहीच कळलं नाही.

दुपारी वैमानिकाचा फोन आला. नवा अंदाज तुमच्यापर्यंत आला होता का, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आला नव्हता. बाबा, मी खोटं बोलले. साहेब म्हणाले की कागद नियमात बसतो, आता विसरून जा.

नऊ तारखेच्या सकाळी मीच कामावर आहे. माझं ऐका, तिकिटं फेब्रुवारीत ढकला, तोवर धुकं सरतं. आईचा गुडघा दुखतोय म्हणून सांगा. बाकीच्यांना खरं कारण कळू देऊ नका.

रागावलात तरी पत्र लिहा.

तुमची,
सुकेशनी


वालूर,
दि. २९ डिसेंबर २०२५

चि. सुकेशनीस,
आशीर्वाद.

पत्र मिळून चार दिवस झाले. आदी तुझा राग आला. मग माझा आला. आता जे लिहायलोय ते तुझ्या आईलाबी ठाऊक न्हाई.

तू तेव्हा दीड वर्षाची होतीस. मी जिंतूरकडच्या एका उपकेंद्रावर होतो. माणिकराव म्हणून हेल्पर होता, माझ्याच वयाचा, लय हसरा. लाइनीवर काम असलं की आमी परमिट द्यायचो. माणूस खांबावरून खाली उतरून तो परमिटचा कागद परत देईपर्यंत लाइन चालू करायची न्हाई, हा नियम. त्या दिवशी कागद परत आला नव्हता. साहेबांचा फोन आला, माणसं उतरलीत, लाइन चार्ज कर, वरून ओरड चालू हाय. मी म्हणलो, साहेब, कागद यायचाय. ते म्हणले, मी सांगतोय ना. मी खटका टाकला. माणिकराव वरच होता.

चौकशी झाली. तोपर्यंत कागद नीट करून ठेवला होता, माझी सहीबी घेतली. कागद नियमात बसला. माणिकरावचीच चूक निघाली, न विचारता परत वर चढला म्हणून. त्याची बायको आजबी बाजारात भेटली की मला जयभीम घालती, आन् मी खाली बघून पुढं जातो.

तर आता मला सांग. गुडघ्याचं खोटं सांगून मी आमची अकरा तिकिटं फिरवीन. त्याला काय, एका दिवसाचं काम. पण त्या दिवशी विमान तर जाणारच ना? आमच्या अकरा जागांवर कोण बसंल? त्यांची पोरगी तिथं कामाला न्हाई, म्हणून त्यांना कुणी पत्र लिहिणार न्हाई.

आमी तिकिटं फिरवणार न्हाई. तुझी आई खिडकीजवळ बसंल, धम्मशीला तिच्या शेजारी. तुला भेव घालायला लिहीत न्हाई, आन् घातलं असंन तरी घालू दे. लय कठोर बाप हाय म्हण. तुझ्यासारखी मलाबी एक सकाळ मिळाली होती, आन् मी ती घालवली.

काही झालं तरी तू माझी हायस.

तुझे,
बाबा


हैदराबाद,
दि. १७ जानेवारी २०२६

आदरणीय बाबा व आईस,
स. जयभीम. वि. वि.

तुम्ही सगळे वालूरला सुखरूप पोचलात, आईचा फोन आला. ती अजून चिडलेली आहे. बोधगयेचं तिकीट काढलं आणि कलकत्त्याला उतरवलं, पुढं रात्रभर रेल्वेत बसवलं, असली कसली तुझी नोकरी, असं म्हणाली. तिला चिडू द्या. धम्मशीला मावशींनी विमानात आईचा हात शेवटपर्यंत सोडला नाही, हेही तिनंच सांगितलं.

त्या सकाळी काय झालं ते आता सांगते. गया बंद राहणार हे पहाटेच दिसत होतं. बनारसचा अंदाज काठावरचा होता आणि रांचीचाही कच्चा. मी कलकत्ता लिहिलं. तेवढं इंधन घ्यायचं तर चौदा माणसं आणि त्यांचं सामान ठेवून जावं लागणार होतं. साहेबांचा फोन आला, मग ते स्वतः खोलीत आले. मी त्यांना सांगितलं, बनारसवर सही करणार नाही. मग मी त्यांच्यासमोरच वैमानिकांना फोन लावला आणि चारही गावांचे अंदाज वाचून दाखवले. त्यांनी कलकत्त्याचं इंधन मागितलं. वैमानिकानं मागितल्यावर कुणाला नाही म्हणता येत नाही. तुमच्या अकरापैकी कुणी मागं राहिलं नाही, पण राहिलं असतं तरी मी तेच केलं असतं. पुढचं तुम्ही वरून बघितलंत. गया आणि बनारस, दोन्ही दुपारपर्यंत बंद होते.

बारा तारखेपासून मला जुन्या फायली लावायच्या कामावर बसवलं आहे. चौदा प्रवाशांचा तमाशा झाला, असं साहेबांनी लिहून दिलं. माझ्या खुर्चीवर योगीराज म्हणून एक मुलगा बसतो. चांगला आहे, मेहनती आहे, लागून सात महिने झालेत. काल सकाळी सहज त्याच्या मागं उभी राहिले. गयेचा कागद, पर्याय बनारस, आणि अंदाज जुना. नवा त्याच्या पडद्यावर उघडाच होता. मी त्याला दाखवला. तो कसनुसा झाला आणि म्हणाला की साहेबांचा फोन येऊन गेलाय. आणि मग म्हणाला की ताई, चौदा डिसेंबरला तुम्हीही असाच कागद पाठवला होता, साहेबांनी मला तोच नमुना म्हणून दिलाय, तेव्हा तर सगळं नीट झालं होतं ना?

बाबा, माझी ती सही आता तिथं शिकवतात.

कालचं विमान उतरलं. आजचंही उतरलं. धुकं अजून महिनाभर आहे, आणि योगीराज उद्या सकाळी कामावर आहे.

म्हणून आज दुपारी मी सरकारी विमान खात्याला सगळं लिहून पाठवलं. चौदा डिसेंबरचे दोन्ही अंदाज जोडले, फोन कुणाचा आला ते लिहिलं, आणि वैमानिकांशी मी खोटं बोलले तेही लिहिलं. चूक कुणाची या रकान्यात पहिलं नाव माझं टाकलं आहे. त्याची एक प्रत योगीराजच्या टेबलावर ठेवली. माझा परवाना जाईल असं इथले लोक म्हणतात. कदाचित त्याहून जास्त होईल. गावात खबर येईल तेव्हा आईनं गल्लीत काय सांगायचं, ते मला सुचत नाही.

तुमचा लोभ माझ्या नोकरीच्या आधीपासूनचा आहे, तो तिच्यानंतरही राहू द्या.

तुमची,
सुकेशनी