सत्तर अंशांवरची शाई

३ एप्रिल, बुधवार

जीवाणूचा नमुना तपासणीसाठी पुण्याच्या लॅबला गेला. कुरिअरची पावती हातात आली, आता परत बोलावता येत नाही.

इथे तरी खरं लिहिते. मागच्या गुरुवारी जीवाणू वाढवायच्या सत्तर अंशांच्या पेटीतून प्लेटा काढल्या, तर वाफेनं दोन झाकणांवरची अक्षरं पार धुऊन गेलेली. एकीत माझा नवा जीवाणू ज-७, साखर कारखान्यामागच्या मळीच्या तापलेल्या ढिगातून काढलेला. दुसरीत तुलनेसाठी विकत आणलेला, जगाला माहीत असलेला जीवाणू. दोन्ही सारखेच पिवळट. नाव प्लेटच्या बुडाला लिहायचं असतं, हे मीच पहिल्या वर्षाच्या पोरांना ओरडून सांगते!

मग काय केलं? वास घेतला. जिला मळीचा वास आला, तिच्यावर ज-७ लिहून टाकलं. पीएच.डी. करणारी बाई — आणि भरवसा नाकावर!

६ एप्रिल

पप्पांना समजावलं, की पुण्यात जीवाणूच्या डीएनएची सगळी अक्षरं वाचतात, तीसेक लाख. शेजारच्या उषाबाई म्हणाल्या, ‘म्हंजे कुंडलीच की.’ पप्पा भडकले — ‘आपल्या घरात कुंडली न्हाई!’ आई हसली, मीही हसले. मनात मात्र एकच — ती अक्षरं वाचली की कोण कुणाचा ते लपणार नाही.

९ एप्रिल

जुन्या प्लेटा उघडल्या. सुकून पापड. फ्रीजरमधल्या नळ्या भरल्या त्याही त्याच प्लेटमधून. म्हणजे चूक असेल तर सगळीकडे तीच.

नवा नमुना आणावा म्हणून कारखान्यावरच्या कचरूमामांना फोन केला. त्यांनीच मला त्या ढिगात हात घालू दिला नव्हता, ‘भाजशील ताई’ म्हणून. आज म्हणाले, ‘ढीग कुठं राह्यला आता? शिमग्यालाच उचलून नेल्ता लोकांनी. वावरात गेला.’

१४ एप्रिल

जयंती. पप्पांनी न विचारता मला स्टेजवर बोलावलं. ‘आमच्या ज्योत्स्नानं नवा जीव शोधला!’ टाळ्या, हार, शाल. आईचे डोळे भरले. मला वाटलं, आत्ताच माइकवर सांगून टाकावं. शाल सावरत खाली उतरले. भित्री आहे मी, दुसरं काय!

१७ एप्रिल

रिपोर्ट नाही. जेवण जात नाही.

२० एप्रिल

माझ्या पीएच.डी.च्या गाइड सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पेटंटचा अर्ज तयार. एक कंपनी आलीये — ज-७ चं एन्झाइम उकळत्या टाकीतही मरत नाही, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची साखर करतं, साखरेचं इंधन. आपल्याकडे पऱ्हाटी काय, बांधाबांधावर जाळतात. सगळं खरं आहे, फक्त नळीत ज-७ असला तर!

म्हटलं, ‘सर, रिपोर्ट येऊ द्या ना.’

‘येईल बराबर. सही कर जल्दी. आणि शोधक म्हणून माझं नाव नको, मेहनत तुझी आहे.’

किती मोठं मन! आणि मी चोरासारखी खाली बघत सही केली.

२४ एप्रिल

सांगितलं. शाई, वास, सगळं. रडले पण. वाटलं होतं, सर फाइल फेकून मारतील. ते चहा ढवळत राहिले.

‘आणखी कुणाला बोललीस?’

‘नाही सर.’

‘मंग बोलू पण नको. अर्ज गेला.’

ओरडले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन न जेवता पडून राहिले. आईनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

२५ एप्रिल

अर्पिता माझ्यासोबत लॅबमध्ये असते. आज दार लावून तिनं लॅबच्या कॉम्प्युटरवर उघडा राहिलेला सरांचा मेल दाखवला. पुण्याचा रिपोर्ट. नळीत विकतचाच जीवाणू होता.

रिपोर्ट आलाय अठरा तारखेला. सरांनी त्याच दिवशी ‘मिळाला’ म्हणून उत्तरही दिलंय. माझी सही घेतली वीस तारखेला.